खंडेनवमीचं रिव्हॉल्व्हर

रेवतीला त्या रिव्हॉल्व्हरचा पहिल्या दिवसापासून राग होता आणि तो तिनं कधी लपवला नाही. "चोर एकदाच आले. हे मात्र रोज घरात आहे," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची.

चोर आले होते ते भर दुपारी. बोरिवलीला वझिऱ्याच्या बाजूला, दोन टॉवरांच्या मध्ये रेवती-नंदकुमार चुरींचं एकमजली घर अजून तग धरून आहे. टॉवरांना वॉचमन, कॅमेरे, सगळा थाट. चुरींना एक लोखंडी फाटक. कुरिअरवाले म्हणून दोघं आत शिरले. त्यांनी रेवतीच्या थोबाडीत मारल्या, हातातल्या बांगड्या ओरबाडल्या, कपाटाची किल्ली मागितली. रेवती जिवाच्या आकांतानं नवऱ्याला हाका मारत होती. नंदकुमार बाथरूममध्ये होता. बाथरूमचं दार उघडलं नाही. चोर गेले, फाटक वाजलं, मग कुठे आतली कडी सरकली.

"पाण्याच्या आवाजात मला काही ऐकूच आलं नाही गं," नंदकुमार म्हणाला.

नळ बंद होता. ते दोघांनाही माहीत होतं. रेवती त्यावर एक अक्षर बोलली नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. हा आपल्या मनाचा मोठेपणा आहे अशी तिची समजूत होती.

मग नंदकुमारला लायसन्सचं खूळ लागलं. विमा कंपनीतून निवृत्त झालेला, दिवाळीत फुलबाजीसुद्धा लांब धरणारा हा माणूस. पण त्यानं कचेऱ्यांचे खेटे घातले, ओळखी काढल्या आणि शेवटी स्वसंरक्षणासाठी म्हणून ते काळं धूड घरात आणलंच. रिव्हॉल्व्हर एका कप्प्यात, गोळ्या दुसऱ्या, दोन्हींना कुलूप. नियमाला पक्का. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, ते बाहेर निघायचं. पाटावर लाल कापड, त्यावर कात्री, सुरी, विळी, स्क्रू ड्रायव्हर आणि मध्यभागी रिव्हॉल्व्हर. हळद, कुंकू, झेंडूचं फूल. पूजेत ठेवलेलं हत्यार दसऱ्याच्या उत्तरपूजेपर्यंत हलवायचं नसतं. सुरी-विळीही पाटावर, म्हणून नवमीला या घरात गवारीची भाजी ठरलेली. ती हातानं मोडता येते.

या वर्षीच्या नवमीला रेवती शेजारच्या टॉवरमध्ये प्रसाद द्यायला गेली. तिथली बाई घरात नव्हती, म्हणून लगेच परतली. फाटक उघडंच होतं. ती अंगणात आली आणि खिडकीतून तिला नंदकुमार दिसला. पाटासमोर मांडी घालून बसला होता. रिव्हॉल्व्हर पाटावर नव्हतं. ते त्याच्या हातात होतं, आणि त्याची नळी त्यानं कानशिलाला टेकवली होती. डोळे मिटलेले होते.

धावत जाऊन हात धरावा तर दचकून बोट दाबलं जायचं. ओरडावं तरी तेच. ती मागच्या पावली फाटकापाशी गेली, ते जोरात आपटलं आणि रोजच्या आवाजात तिथूनच म्हणाली, "अहो, चहा टाकू का?"

बराच वेळ काही नाही. मग आतून आलं, "टाक."

ती आत गेली तेव्हा रिव्हॉल्व्हर पाटावर होतं. झेंडूचं फूलसुद्धा परत जागेवर. दोघं समोरासमोर बसून चहा प्याली. गवार जून निघाली, असं काहीतरी ती बोलत राहिली. विचारायचं होतं, पण तोंड उघडलं की गवारच बाहेर पडायची. शेवटी एवढंच म्हणाली, "कानशिलाला कुंकू लागलंय तुमच्या."

नंदकुमारनं कानशील पुसलं. बोटाकडे बघितलं. रेवतीकडे बघितलं नाही.

दसऱ्याला उत्तरपूजा झाली. नंदकुमार आपट्याची पानं घेऊन नातेवाइकांकडे सोनं द्यायला निघाला. "मी आल्यावर ते कपाटात टाकतो," म्हणाला. तो कोपऱ्यावर वळला न वळला तोच रेवतीनं रिव्हॉल्व्हर जुन्या ब्लाउजपीसमध्ये गुंडाळलं, निर्माल्याच्या पिशवीच्या तळाशी घातलं, वर घटाचं धान, माळा, फुलं, आणि रिक्षा करून थेट गोराईच्या जेट्टीवर. त्यात गोळी आहे की नाही हेही तिला ठाऊक नव्हतं. पिशवी तिनं वाटभर मांडीपासून लांब धरली होती.

जेट्टीवर पालिकेचा माणूस. "मावशी, पाण्यात नाय हां. कलशात टाका. खत होतं त्याचं."

आता या निर्माल्याचं खत काय डोंबल होणार! "मला पलीकडे देवळात जायचंय," असं सांगून ती बोटीत बसली. खाडीच्या मध्यावर तिनं पिशवी सोडली. फुलं तरंगली, बाकीचं सरळ खाली गेलं.

समोर रिकामी टोपली घेऊन बसलेली गोराईची बाई खवळली. "देवाचं म्हणून कुठेपण टाकायचं काय? आमची जाळी फाटतात तुमच्या पिशव्यांनी!"

"चुकलं," रेवती म्हणाली. पण मनातून तिला हलकं वाटत होतं. नवरा वाचवला, एवढंच तिला कळत होतं.

"कपाटात ठेवलं मी," तिनं नंदकुमारला सांगितलं. त्यानं मान हलवली. पुढे काही दिवसांनी त्यानं कपाट उघडलं, रिकामा कप्पा बघितला आणि विचारलं, "तू काढलंस?"

"मी? मी कशाला हात लावू त्याला?"

नंदकुमारनं कपाट बंद केलं. मग शर्ट चढवून पोलीस स्टेशनला गेला. रेवतीला वाटलं होतं, वस्तू गेली की विषय संपला. पण रिव्हॉल्व्हर म्हणजे हरवलेली छत्री नव्हे. त्याला नंबर असतो, त्याच्यामागे मालकाचं नाव असतं, आणि ते हरवलं की कुठे गेलं हे सरकारला सांगावं लागतं.

सबइन्स्पेक्टर घरी आला. तरुण पोरगा, बोलायला नीट. "घरात येणंजाणं कुणाचं?"

"आम्ही दोघंच. मुलगी जान्हवी बंगळुरूला असते," नंदकुमार म्हणाला. मग थांबला. "आणि कामाला प्रेमा येते."

रेवती स्वयंपाकघरात होती. तिला शब्दन्‌शब्द ऐकू आला. तिनं सिंकचा नळ सोडला आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला घेतली.

प्रेमा कणकवलीकडची. सासरा गिरणीत होता, नवरा शाळेची बस चालवतो. जान्हवी शाळेत जायची तेव्हापासून ती या घरात आहे. चोर येऊन गेले त्या दिवशी रेवतीच्या सुजलेल्या गालाला बर्फ लावत बसली होती ती प्रेमाच. पोलीस तिच्या चाळीत गेले, ट्रंका उलट्या केल्या, अंथरुणं झटकली आणि "रिव्हॉल्व्हर कुठाय, बोल," असं साऱ्या चाळीला ऐकू जाईल असं विचारलं. दुसऱ्या दिवशी तिला चौकशीला बोलावलं आणि संध्याकाळपर्यंत बाकावर बसवून ठेवलं.

तिथून तिचा फोन आला. "वहिनी, तुम्ही एकदा येऊन सांगा ना साहेबांना, मी तशी नाय म्हणून. तुमचं ऐकतील ते."

"येते हं," रेवती म्हणाली.

ती गेली नाही. साडी बदलली, पर्स घेतली, चपला घातल्या आणि पुन्हा काढल्या. गेलं तर सांगावं लागणार. सांगितलं तर का फेकलं ते विचारणार. का ते सांगितलं तर नवऱ्याची लाज चारचौघांत निघणार. सगळं कसं बिनतोड होतं. आणि तरी तिला स्वतःची शिसारी येत होती.

पुढच्या सकाळी प्रेमाला परत बोलावलं. परत फोन आला. स्क्रीनवर नाव बघून रेवतीनं तो वाजू दिला. एकदा, दोनदा, तीनदा. घरात वाजत असलेली हाक आणि ती न ऐकणारा माणूस. फोन थांबला. त्या दुपारी मी अशीच हाका मारत होते, तिच्या मनात आलं. आज बाहेर प्रेमा आहे आणि कडी लावून मी बसलेय.

ती तशीच बाहेरच्या खोलीत गेली. नंदकुमार पेपर समोर धरून बसला होता. वाचत नव्हता.

"मी ते खाडीत टाकलं," ती म्हणाली.

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"तू कुंकू लागलंय म्हणालीस ना, तेव्हाच कळलं की तू बघितलंस. मग ते गेलं. दुसरं कोण नेणार?"

"आणि तरी प्रेमाचं नाव दिलंत?"

"त्यांनी विचारलं घरी कोण येतं. मी फक्त..." नंदकुमारनं पेपर खाली ठेवला. "तुझं नाव घेतलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, बायकोनं का टाकलं. मला सांगता आलं नसतं."

"म्हणजे परत कडी लावून बसलात."

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तो शब्द या घरात उच्चारला गेला. नंदकुमारनं पेपर पुन्हा उचलला. पण रेवती आता थांबणार नव्हती. "का लावली होती हो कडी? नळ बंद होता. मी घसा फाडून ओरडत होते. का नाही आलात?"

"भीती वाटली."

"मला नव्हती वाटत?"

"तुला मारत होते," नंदकुमार म्हणाला, आणि पुढचं वाक्य त्याला अडखळत, थांबत थांबत बाहेर काढावं लागलं. "तुला मारत होते तोवर माझ्याकडे येणार नव्हते. असं वाटलं मला. आत उभा राहून असंच वाटलं. रोज वाटतं ते आठवून. रिव्हॉल्व्हर आणलं तरी वाटतं. तू एकदा तरी शिव्या घालशील म्हणून वाट बघत होतो. तू चहा विचारलास."

रेवतीला वाटलं होतं की खरं ऐकलं तर बरं वाटेल. बरं वगैरे काही वाटलं नाही. आणि त्याहून वाईट हे, की तो म्हणतो ते खोटं नव्हतं. ती गप्प राहिली होती ती मोठ्या मनानं नव्हे. त्याला रोज तिच्याकडे बघावं लागावं, रोज आठवावं, म्हणून गप्प राहिली होती. शिक्षाच होती ती, आणि ती संपवायचा तिचा विचारही नव्हता. रिव्हॉल्व्हर त्याच्या कानशिलाला लागलं त्यात तिचाही हात होता. ते पाण्यात टाकणं सोपं होतं. विचारणं अवघड होतं, म्हणून तर टाकलं.

"उठा," ती म्हणाली. "मला तुमचा राग आलाय आणि तो जाईल असं वाटत नाही. पण ती तिथे बसलीय. आधी तिकडे चला."

पोलीस स्टेशनात सगळं सांगावं लागलं. सबइन्स्पेक्टरनं दोनदा विचारलं, "मॅडम, पण का टाकलंत?" रेवतीनं नवऱ्याकडे बघितलं. नंदकुमारनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, कानशिलासकट. टाइप करणाऱ्या हवालदाराचे हात थांबले. सबइन्स्पेक्टरनं पाणी मागवलं. लायसन्स जाईल, दोघांवर केस होईल, डॉक्टरला दाखवा, असं तो बरंच बोलला. त्याचा आवाज मऊ झाला होता. तो मऊपणा नंदकुमारला सोसवत नव्हता, हे रेवतीला दिसत होतं.

प्रेमाला मात्र त्यांनी आधीच सोडलं होतं. बाकावर कुणी नव्हतं.

दोघं तिच्या चाळीत गेली. इतक्या वर्षांत रेवती तिथे पहिल्यांदाच येत होती. खोली विचारत विचारत जावं लागलं. नळावरच्या बायका कुजबुजल्या. प्रेमा उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. ती उठली नाही.

"प्रेमा, चुकलं गं आमचं. मी टाकलं होतं ते. मला माहीत होतं आणि मी..." रेवती म्हणाली.

प्रेमानं ताटातला एक खडा उचलून बाहेर फेकला. "दोन दिवस फोन केला मी तुमका."

"हो."

नंदकुमार पुढे झाला. भोवती हळूहळू माणसं जमत होती, जिन्यावर पोरं बसली होती. त्यानं हात जोडले आणि खाली बघत, जेमतेम पुटपुटला, "प्रेमानं काही चोरलेलं नाही. दोष आमचा आहे."

प्रेमानं पहिल्यांदा मान वर केली.

"मोठ्यान बोला," ती म्हणाली. "पोलीस इले तेव्हा आख्ख्या चाळीन आयकल्यान."

नंदकुमारनं वर बघितलं. गॅलरीत, जिन्यावर, नळापाशी, सगळीकडे माणसं होती. त्यानं श्वास घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्याचा आवाज मध्येच चिरकला तेव्हा पुढचं वाक्य रेवतीनं घेतलं आणि ती ओरडूनच बोलली.