वज्रा राणी का आली नाही

माझ्या दोन सुना उन्हाळ्यापासून एकमेकींशी बोलत नाहीत आणि त्याची हमाली मला करावी लागते. थोरली भावना म्हणते, "आई, त्यायले सांगा, भाजीत मीठ टाकलं आहे." धाकटी दीक्षा तिच्या शेजारीच उभी असते. ती मलाच म्हणते, "आई, त्यायले सांगा, ऐकू आलं." मी कोणाला काही सांगत नाही. नुसती मान हलवते, तेवढ्याने निरोप पोचतो.

भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. दीक्षाने कामठीला ब्यूटी पार्लर काढलं. उद्घाटनाला आम्ही दोन गाड्या भरून गेलो. पहिल्या गाडीतल्यांना वाटलं भावना दुसरीत आहे, दुसरीतल्यांना वाटलं पहिलीत. ती घरीच होती. का आली नाही, हे दीक्षाने विचारलं नाही आणि भावनाने सांगितलं नाही. मी विचारलं, तर म्हणाली, "डोकं दुखत होतं." या बाईचं डोकं दुखलेलं मी लग्नापासून पाहिलं नाही. दुसऱ्याचं मात्र दुखवते.

आता दीक्षा आणि माझा धाकटा प्रशिक कामठीलाच खोली घेऊन निघाले. जाण्यायेण्याचा त्रास होतो म्हणे! शेअर ऑटोत बसलं तर पुडीतले शेंगदाणे संपायच्या आत कामठी येतं. खोकी बांधून झाली, सोमवारचा टेम्पोही ठरला. घर मोडू नका, असं मी तोंडावर सांगितलं. पण सासूचं ऐकतो कोण?

दोघींना एका खोलीत बसवणारी एकच गोष्ट उरली होती, रविवारी दुपारची ड्रॅगनची मालिका. त्यात धाकट्या सोमा राणीच्या राज्याभिषेकालाच ड्रॅगन येतो आणि किल्ला जाळतो. पलीकडच्या डोंगरावर तिची थोरली बहीण वज्रा असते, पदरी सैन्य असतं, तरी ती येत नाही. का येत नाही, हे शेवटच्या भागात कळणार होतं. तोवर आमच्या गल्लीत वादच वाद. प्रशिकच्या मते वज्राला सिंहासन हवं होतं. शेजारच्या इंदुताईंच्या मते तिच्यावर कोणीतरी करणी केली होती.

"जळते ती," दीक्षा टीव्हीला सांगायची. "लहानीचं चांगलं झालेलं पाहवत नाही तिले."

भावना वाटाणे जरा जोरात सोलायची.

मग या रविवारी शेवटचा भाग लागला. वज्रा साखळदंडात उभी राहिली आणि म्हणाली, "मुझे सिर्फ सिंहासन चाहिए था." संपलं.

"मी म्हटलं नव्हतं?" प्रशिक ओरडला.

"खोटं आहे!" भावना म्हणाली. "सिंहासनाचं काय लोणचं घालते का ती? तिले कोणी बोलावलंच नाही."

"सख्ख्या बहिणीले बोलवा लागते का, आई?" दीक्षाने मला विचारलं. "कार्ड परक्यायले देतात. घरचे आपले आपण येतात."

"आई, त्यायले सांगा, साऱ्या गल्लीले घरोघरी जाऊन कार्डं वाटली. थोरलीले नुसतं 'चला' म्हणाले तोंड नव्हतं? ती बिचारी सकाळपासून तयार होती. मोरपंखी साडी नेसून, पर्स मांडीवर घेऊन बसली होती. आता येईल बोलवाले, मग येईल. अन् सारे गाडीत बसून चालले गेले!"

टीव्हीवर साबणाची जाहिरात चालू होती. वज्रा राणी मालिकाभर लोखंडी चिलखतात वावरली होती.

"राणीजवळ पर्स?" प्रशिक म्हणाला. मी त्याला चिमटा काढला.

दीक्षाने रिमोट घेऊन साबणाची जाहिरात बंद केली. मग म्हणाली, "धाकटीनं खुर्ची ठेवली होती, आई. पहिल्या रांगेत, रुमाल टाकून. रिबीन थोरलीनंच कापावी म्हणून कैची कोणाले दिली नाही."

मला आठवलं. त्या दिवशी पाहुणे ताटकळले होते आणि ही कैची सोडत नव्हती. शेवटी इंदुताईंनीच ती ओढून घेतली.

"मग एक फोन काहून नाही केला?" भावनाने विचारलं. माझ्याकडे न बघता, थेट तिला.

"मले वाटलं, तुमाले बोलवा लागत नाही." दीक्षा म्हणाली. तिने डोळे पुसले. "ताई, चला."

"कुठं?"

"कामठीले. पार्लर पाहाले. बोलावून राहिली ना मी!"

भावना आत गेली. कपाटाचं दार वाजलं. ती बाहेर आली ती मोरपंखी साडी नेसून, काखेत पर्स. मला रडू आलं आणि हसूही.

"अन् उद्याचा टेम्पो?" प्रशिकने विचारलं.

"नाही म्हणून सांग," दीक्षा म्हणाली. "कामठी काय एवढं दूर आहे?"

दोघी एकमेकींची निरी नीट करत, बडबडत दारापर्यंत गेल्या. मला 'चला' म्हणायचं कोणाला सुचलं नाही. पण मी काही राणी नाही. मी चपला घातल्या आणि दोघींच्या आधी ऑटोत जाऊन बसले.