लिफ्टमध्ये ऐकलेलं

मी जात्याच भोचक आहे, आणि नशिबाने धंदा असा दिला की मूग गिळून बसावं लागतं. आधी कंपन्यांचा वकील होतो, आता लवाद आहे. म्हणजे कोर्टाबाहेरचा न्यायाधीशच म्हणा. एका बाजूशी दुसरीच्या माघारी चकार शब्द बोलायचा नाही, हा आमचा नियम. कुणी बोललंच, तर ते जसंच्या तसं दोघांसमोर सांगून मोकळं व्हायचं. बायको म्हणते, "हा नियम घरी पाळला असतात तर सोन्याहून पिवळं!"

या खेपेला समोर दोघी सख्ख्या बहिणी होत्या. बटणांची कंपनी, हिस्सा निम्मा-निम्मा. थोरलीला कारखाना विकायचा होता, धाकटीला मुळीच नाही. तोडगा निघाला नाही, तर कंपनी मोडीत काढायचा आदेश मलाच द्यावा लागणार होता. एका टेबलाशी बसून दोघी बोलत त्या फक्त वकिलांमार्फत. खप, नफा, मतदान, सगळं कागदावर आलं होतं. पण एका मशीनवर धंदा उभा करणाऱ्या बहिणींचं इतकं फाटलं कशावरून, हे काही केल्या कळेना. मला जेवण गोड लागेना.

शेवटच्या सुनावणीला मी लिफ्टमध्ये शिरलो आणि दार मिटता मिटता थोरली आत आली. एरवी अशा वेळी मी बाहेर पडून जिना चढतो. आज तेवढीही सवड मिळाली नाही.

"माझ्याशी काही बोलू नका," मी छताकडे बघत म्हणालो.

"नाही बोलत. पण धाकटीचा हात आता वर जातो का हो? मशीनमध्ये सापडला ना, तेव्हापासून तो कारखाना मला डोळ्यांसमोर नको झालाय. उद्या दुसराही जायचा तिचा."

सुनावणीच्या खोलीत जाऊन बसलो आणि सगळ्यांसमोर शब्द न् शब्द सांगून टाकला.

"अहो, ते तुमच्यापुरतं होतं!" थोरली कळवळली. तिला आमचा नियम खरंच ठाऊक नव्हता का, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

धाकटीचा वकील ताडकन उठला. "हे गंभीर आहे. माझ्या अशिलांना तुमच्या नेमणुकीवर आक्षेप घेता येईल."

"आक्षेप आहेच," धाकटी म्हणाली. वकील खूश झाला. "पण यांच्यावर नाही, हिच्यावर. मला वाटलं, मी निकामी झाले म्हणून ही विकायला निघाली. ताई, मला का नाही विचारलंस गं?"

"ते मशीन मीच हट्टाने आणलं होतं. कुठल्या तोंडाने विचारू?"

धाकटीने हात उचलला. तो खांद्याशीच अडला.

"एवढाच जातो. बघ."

थोरली टेबलाला वळसा घालून गेली. तिने धाकटीच्या कोपराला खालून आधार दिला आणि हात हळूच आणखी थोडा वर नेला.

"दुखतंय का?"

दोन्ही वकील माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी सुनावणी तहकूब केली.