चेहरा शेवटी

आधी अक्षरं, मग वेल, चेहरा शेवटी. दगडावर कोरीवकाम करणाऱ्या या घरातली ही रीतच होती, आणि आज त्या रीतीनेच थोडा वेळ मिळणार होता. आतल्या खोलीत नवरा मशीनवर आपल्या दिवंगत आईचं नाव कोरत होता. दगड संध्याकाळी बसवायचा होता. दगड एकच, चेहरा बिघडला की पुसता येत नाही.

बाहेरच्या खोलीत ती लॅपटॉपसमोर बसून दिराशी फोनवर बोलत होती. त्याने गेल्या आठवड्यात मोठ्या हौसेने जुन्या लॅपटॉपवर विंडोज काढून लिनक्स टाकून दिलं होतं. तेव्हापासून सगळं धूसर दिसायचं आणि तिचे डोळे दुखायचे. फोन तेवढ्यासाठीच होता.

"सेटिंगमध्ये रिझोल्यूशन किती आहे?"

"एक हजार चोवीस बाय सातशे अडुसष्ट. दुसरं निवडूच देत नाही, भाऊजी."

"वहिनी, मग ते चित्र ताणून स्क्रीन भरतंय. गोल काढला तर अंडं दिसेल."

सासूबाईंचा फोटो पसरट दिसतोय म्हणून काल तिने तो दोन्ही बाजूंनी आत घेतला होता, अगदी ओळखीचा वाटेपर्यंत. तिने घाईघाईने एक चौकोन काढला आणि स्क्रीनवर पट्टी लावली. चौकोन कसला, चांगला आडवा पाट होता. आणि आत घेतलेला तो चेहरा पेनड्राइव्हवर चढून नवऱ्याच्या खिशात गेला होता.

"मला दाखवू नकोस," तो म्हणाला होता. "तू बघ, मी नुसतं बटण दाबतो." लोकांच्या आया त्याने आजवर बिनघोर कोरल्या, स्वतःच्या आईपुढे मात्र गडी ढेपाळला. आता त्याला आत जाऊन काय सांगायचं? आईचा चेहरा मी बिघडवला, तुम्हीच बघून घ्या? मूळ फोटो परत घेता आला असता, पण या स्क्रीनवर स्वतःच्या डोळ्यांचा काय भरवसा.

"चूक माझीच," दीर कसनुसा म्हणाला. "लिनक्स टाकताना स्क्रीन काळी पडत होती, म्हणून ग्राफिक्सला हात लावू नकोस असं मी लॅपटॉपला बजावून ठेवलं. नंतर ते काढायचं राहिलं."

"छान. तुम्ही विसरायचं आणि आम्ही निस्तरायचं."

त्याने सांगितलेली फाइल तिने उघडली. ती ताकीद देणारा 'नोमोडसेट' हा एक शब्द खोडला, कमांड दिली. पासवर्ड दोनदा चुकला. आत मशीनचा तुटक आवाज थांबून सलग घरघर सुरू झाली. अक्षरं संपून वेल लागली होती.

"रीस्टार्ट करा. काळीच राहिली तर मात्र..."

"अभद्र बोलू नका."

स्क्रीन काळी झाली, काळीच राहिली. मग कोपऱ्यात बारीक, स्वच्छ अक्षरं उमटली आणि सगळा डेस्कटॉप काचेसारखा लख्ख झाला. तिने कालचं चित्र उघडलं. गाल बसलेली, कपाळ आवळलेली कुणी परकीच बाई तिच्याकडे बघत होती. तिने मूळ फोटो घेतला, मापात बसवला, दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवला.

तेवढ्यात घरघर थांबली.

ती धावत आत गेली. मशीनचं झाकण उघडं होतं आणि चेहऱ्याची जागा अजून कोरी होती. नवरा मशीनच्या छोट्या स्क्रीनपुढे उभा होता. बघणार नाही म्हणाला होता, पण शेवटी न राहवून त्याने बघितलंच होतं.

"अहो, तो नका लावू. चुकलाय तो. माझ्या हातून झालं."

त्याने वळून पाहिलं. डोळे भरलेले होते. "चुकलाय? मी केव्हाचा बघतोय, ओळखच पटेना. मला वाटलं, मी आईचा चेहरा विसरलो."

तिने पेनड्राइव्ह बदलला. चित्र उघडलं. तो कितीतरी वेळ बघत राहिला, मग बाहीने डोळे पुसून त्याने झाकण लावलं.

"इथेच थांब," तो म्हणाला, आणि त्याने बटण दाबलं.