कोरड्या पायांनी

गल्लीतल्या प्रत्येक दाराला पुराची फळी लागली, एक आमचंच दार सोडून. आणि त्या सगळ्या फळ्या बनवल्या कोणी? माझ्या नवऱ्यानं. सुतार माणूस. चौकटीच्या दोन्ही बाजूंना लोखंडी खाचा ठोकायच्या, पाणी वाढायला लागलं की जाड फळी वरून त्यांत सरकवायची, खाली रबराची पट्टी. थेंब आत येत नाही. लोक घरी येऊन त्याची तारीफ करून जायचे आणि मी आत शिलाई मशीनपाशी दात-ओठ खात बसायचे.

नदी फुगली की पाणी आधी आमच्याकडे शिरतं. मागच्या पुरात मशीनची मोटर गेली, गिऱ्हाइकांचे कपडे चिखलात लोळले, आणि प्रत्येकीची बोलणी मीच खाल्ली. पण फळीचं नाव काढलं की ह्याचं एकच, "बसवू गं." आधी लाकूड ओलं होतं, मग लाकूड संपलं, मग खांदा दुखायला लागला. समोरच्या मास्तरीणबाईंचं घर चांगलं उंचावर, तरी त्यांनी फळी करून घेतली. मी विचारलं, "तुम्हाला कशाला हो?" तर म्हणाल्या, "सगळ्यांनी लावली, मग मीच का मागे राहू?" घ्या!

मला खरा कंटाळा होता तो वर जाण्याचा. वरच्या मजल्यावर धाकटा दीर राहतो. गच्चीच्या कुलपावरून दोघा भावांचं वाजलं, तेव्हापासून बोलणं बंद. जिन्यात गाठ पडली तर एक भिंतीकडे बघतो, दुसरा चपलांकडे. पूर आला की मात्र आम्हाला गाठोडी बांधून त्याच्याच दारात उभं राहावं लागतं. जाऊ सगळं प्रेमानं करते, पण दुसरीच्या स्वयंपाकघरात मीठ शोधताना मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. पुरुषांचं बरं असतं. पाणी ओसरेपर्यंत दोघं पत्ते कुटत बसतात, एकमेकांना लबाड म्हणतात, खिदळतात. खालचा चिखल धुऊन झाला की पुन्हा तोंडाला कुलूप.

शेवटी मी निक्षून सांगितलं, "फळी बसेपर्यंत स्वयंपाकघर बंद." जेमतेम दोन दिवस त्यानं बाहेर खाल्लं आणि फळी बसली. खांद्याचं काय झालं, ते मी विचारलं नाही.

त्यानंतर एका दुपारी नदी फुगली. पाणी गल्लीत शिरलं, पायरी चढलं, फळीला टेकलं आणि तिथंच थांबलं. आत फरशी कोरडी ठणठणीत. मी उगाचच सगळ्या घरातून अनवाणी फिरून आले. इतकी खूश झाले की एक अर्धवट राहिलेला झगा शिवायला बसले.

"बघा! विनाकारण टाळत होतात," मी म्हणाले.

तो जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून उरलेली रबराची पट्टी बोटाला गुंडाळत होता, सोडत होता.

वर टेबल ओढल्याचा आवाज आला. दर पुरात ते खिडकीपाशी ओढतात, पत्त्यांसाठी. मग जिन्याच्या वरून दिराचा आवाज आला.

"वहिनी, पाणी आलं का आत?"

"नाही हो भाऊजी! फळी पक्की बसलीय."

"हो का," तो म्हणाला. "बरं झालं."

टेबल परत भिंतीकडे सरकलं. नवऱ्यानं मान वर केली नाही.

मी मशीन थांबवलं. लाकूड ओलं, लाकूड संपलं, खांदा दुखतोय. कसला डोंबलाचा खांदा!

"अहो, मला सांगायचं तरी."

"काय सांगू?" तो हळूच म्हणाला. "सख्ख्या भावाशी बोलायला मला पूर लागतो, हे कोणत्या तोंडानं सांगू?"

मला त्याचा राग आला आणि गलबलूनही आलं. एवढा बाप्या माणूस, आणि माझी मोटर जळू दिली, पण ह्याच्यानं जिना चढून एक शब्द बोलवला नाही.

मी उठले. कोऱ्या करकरीत चादरींचं गाठोडं बांधलं, ते त्याच्या हातात कोंबलं आणि जिन्यातून ओरडले, "भाऊजी, आलं हो पाणी! आम्ही वर येतोय!"

दीर दारात उभा होता. त्यानं आमच्या कोरड्या पायांकडे पाहिलं, मग गाठोड्याकडे. त्याच्या खिडकीतून आमची फळी नीट दिसते, आणि तिच्यामागची कोरडी चौकटही.

"बरंच चढलंय वाटतं, दादा," तो म्हणाला.

"गुडघाभर," नवरा म्हणाला.

"मग आज काही उतरत नाही." दीर आत वळला. "चल, टेबल धर त्या बाजूनं."