बर्फ येईपर्यंत

गॅसचा नंबर लावून अकरा वर्षं झाली, तेव्हा कुठे सत्त्याण्णव साली धुळ्याच्या एजन्सीचं कार्ड साक्रीत आलं. पंधरा दिवसांत स्वतः येऊन सही करा, नाहीतर नंबर रद्द. कमलबाईने उभ्याने स्वयंपाक करायचा म्हणून नंबर लावला त्याच वर्षी ओटा बांधून घेतला होता. त्यावर आजवर लोणच्याच्या बरण्याच उभ्या होत्या.

पण त्याच आठवड्यात तिच्या नवऱ्याने, चुडामणनानांनी, पेपरात वाचलं की समुद्राच्या तळाशी एक बर्फ आहे, त्यात गॅस कोंडलेला आहे आणि काडी लावली की बर्फच पेटतो. नाना निवृत्त पोस्टमास्तर. छापलेल्यावर त्यांचा भारी विश्वास. देशाला शेकडो वर्षं पुरेल एवढा गॅस येऊ घातलेला असताना लोखंडी टाकी घ्यायची कशाला, असं ते गावभर सांगत सुटले. नंबर त्यांच्याच नावावर, त्यामुळे तेरा दिवस कार्ड देवघरात पडून राहिलं.

"तो बरफ कवय येई?" कमलबाईने विचारलं.

"वीस-पंचवीस वरीस लागतीन."

"मंग तोपावत चुल्हा तुम्ही फुका." तिने फुंकणी त्यांच्या हातात दिली आणि ओसरीवर जाऊन बसली.

बाभळीचं ओलं सरपण काही केल्या पेटेना. फुंकून फुंकून नानांचे गाल दुखले, मिशी होरपळली, भाकरी एका अंगाने कच्ची आणि दुसऱ्या अंगाने कोळसा. दुसऱ्या दिवशी डोळे असे सुजले की पेपरातला मथळासुद्धा दिसेना. तीस वर्षं, रोज दोन वेळा ही बाई इथे बसली, हे त्यांना धुरात बसल्यावर उमगलं. नानांना मनापासून लाज वाटली. डोळ्यांना पाणी आधीपासूनच होतं, म्हणून कुणाला कळलं नाही.

पंधराव्या दिवशी ते पहिल्या एसटीने धुळ्याला पळाले.

"इतके दिवस कुठे होतात?" कारकुनाने विचारलं.

"समुद्राच्या तळाशी," म्हणत नानांनी सही केली.

चार दिवसांनी टाकी आली. कमलबाईने बरण्या उतरवल्या, शेगडी पेटवली आणि निळ्या ज्योतीकडे बराच वेळ नुसती बघत उभी राहिली. नानांना राहवेना.

"बरफबी असाच पेटस म्हने."

तिने कोपऱ्यातली काळी फुंकणी उचलून त्यांच्या हातात ठेवली. "ही तठे समुद्रमा धाडी द्या. बरफ पेटाडाले त्यास्ले लागी."

नानांनी ती घेतली आणि जुन्या सवयीने पार्सलचं वजन किती भरेल, ते हातानेच अजमावलं.