नऊ नंबरचं इंजिन

आमच्या छोट्यांच्या आंतरराष्ट्रीय मोटरसायकल स्पर्धेला यंदा वीस वर्षं झाली. स्मरणिकेत पहिल्या वर्षाचा इतिहास मी लिहावा, असं आयोजकांनी ठरवलं. त्या वेळच्या मेकॅनिकांपैकी मीच एक उरलोय. अकरा देशांची तेवीस पोरं, तेरा ते अठरा वयाची. गाड्या सगळ्यांना एकसारख्या, स्पर्धेच्याच मालकीच्या. कारखानदाराचं पोर आणि पंक्चरवाल्याचं पोर एकाच लोखंडावर बसायचं. मला तर ते देवाचं दारच वाटायचं. शर्यतीआधी उलट्या हेल्मेटमधून सोडत निघे, ज्याला जो नंबर येईल ते इंजिन त्याचं. त्या इंजिनांवर नंबरचा बिल्ला तारेनं बांधून शिशाचं सील दाबायचं काम माझं.

चार पानं झरझर लिहिली. शेवटच्या शर्यतीपाशी पेन अडलं ते अडलंच.

ती शर्यत माझ्या भाचीनं जिंकली होती. पहिली विजेती म्हणून मुखपृष्ठावर तिचाच फोटो. आता ती याच स्पर्धेतल्या पोरांना शिकवते आणि पोरं तिला चळाचळा कापतात.

खरं काय ते सांगतो. मोसमाआधी सगळी इंजिनं मीच चालवून पाहिली होती. नऊ नंबरचं जरा जास्त दमाचं, चौदा नंबरचं आळशी. सोडतीत नऊ गेलं घुमीला. घुमी हे नाव आम्हीच पाडलेलं, पोरगी हेल्मेट घालून जेवढी बोलायची तेवढीच काढूनही. तिचे आणि भाचीचे गुण तोवर सारखे होते. आणि चौदा नेमकं भाचीच्या वाट्याला आलं. ताईनं लेक माझ्या भरवशावर पाठवलेली. जेवणाच्या सुट्टीत शेड रिकामी होती. मी दोन्ही बिल्ले काढले, अदलाबदल केली, नवं सील दाबलं. पाच मिनिटांचं काम.

भाची अर्ध्या चाकानं पुढे आली. घुमीनं त्याच हिवाळ्यात शर्यती सोडल्या. इतर स्पर्धांत हरलेला माणूस गाडीला शिव्या देऊन मोकळा होतो. आमच्याकडे ती सोय नव्हती.

कागद खिशात घालून मी भाचीकडे गेलो. ती वर्कशॉपमध्ये साखळी धूत होती. मी सगळं सांगितलं. आधी तिला वाटलं, मामाचं वय झालं. मग तिनं ब्रश खाली ठेवला. आईला माहीत आहे का, विचारलं. नाही म्हटलं. बराच वेळ ती हात पुसत राहिली, स्वच्छ झालेलेसुद्धा. त्या दिवशी आपण किती छान ब्रेक मारला होता, हे ती पोरांना दर वर्षी सांगते, असं तिनं मला जमिनीकडे बघत सांगितलं.

"मामा, तू रोज देवापुढे हात जोडतोस. त्याला सांगितलंस?"

"त्याला सांगितलं."

"हं. तो काही घुमीला जाऊन सांगणार नाही, म्हणून सोपं गेलं."

तिनं मोबाईल काढला. घुमीचं आता टायरचं दुकान आहे, नंबर शोधायला फार वेळ लागला नाही. फोन लावून, स्पीकरवर टाकून तिनं तो बाकावर ठेवला आणि पाठ फिरवून उभी राहिली.

मी बोललो. नऊ, चौदा, जेवणाची सुट्टी, काही गाळलं नाही. पलीकडे कॉम्प्रेसर चालू होता, तो कुणीतरी बंद केला.

"म्हणजे मी कमी पडले नव्हते?" घुमीनं विचारलं.

"नाही."

माफी मागायला तोंड उघडलं, तर ती थांबा म्हणाली. हे छापणार का, एवढंच तिला विचारायचं होतं. मी भाचीकडे पाहिलं. तिनं पाठमोरी राहूनच होकारार्थी मान हलवली. विजेतेपद तिचं होतं, आणि ते असं एका हालचालीत गेलं.

"छापणार," मी म्हटलं.

"मग लवकर छापा. बाबा थकलेत. अजून म्हणतात, गाड्या तर सारख्याच होत्या."

भाची वळली. फोन उचलून तिनं कानाला लावला आणि मला बाहेर जायला खुणावलं. मी गेलो.