यूपीएसची शिट्टी

वत्सलाबाईंनी मेन स्विच खाली ओढला. पंखा मंदावत थांबला, फ्रीजची घरघर विरली आणि टेबलाखालून यूपीएसची शिट्टी सुरू झाली. नवा कॉम्प्युटर मात्र चालूच होता. त्यांनी घड्याळ पाहून कॅलेंडरच्या कडेला पेन्सिलीने वेळ लिहिली.

"काकू, परीक्षा माझी चाललीय की याची?" रविराजने विचारलं. बिटको चौकाजवळच्या आपल्या दुकानातून त्याने हा कॉम्प्युटर स्वतः जुळवून आणला होता.

"दोघांची. जुना बारा मिनिटांत मान टाकायचा."

"तो दोनशे वॅट खायचा. हा स्क्रीन नि वायफायसकट चाळीसच्या आत. प्रोसेसर एवढासा, आणि चित्र दाखवायचं कामही तोच करतो, वेगळं कार्ड नाही. आत पंखासुद्धा नाही. हात लावून बघा."

पेढ्यांच्या खोक्याएवढा तो डबा जेमतेम कोमट होता.

"स्वस्त आहे म्हणून सांगून ठेवतो, मोठे गेम चालायचे नाहीत हं यावर."

"अरेरे. मग रात्रभर काय खेळू मी?"

रविराज मोठ्याने हसला. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कोणी एवढ्या मोठ्याने हसलं होतं.

तो दोन चहा प्यायला. एक तास दहा मिनिटांनी स्क्रीन काळा झाला, तेव्हा वत्सलाबाईंनी दुसरी वेळ लिहून दोन्हींखाली रेघ ओढली. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात तीस वर्षं बॉयलरच्या पाण्याचे नमुने तपासल्यामुळे आकडा स्वतः पाहिल्याशिवाय त्यांचा विश्वास बसत नसे. त्याच केंद्राची धुराडी गच्चीवरून दिसत, आणि घरातली वीज मात्र लोडशेडिंगच्या वेळापत्रकाने जाई. रविवारी सकाळी दहाला.

"एक काम राहिलं," त्या म्हणाल्या. "ती शिट्टी बंद करून टाक. कायमची."

"असू द्या की. लाइट गेलेली कळते."

"मला पंखा थांबला की कळतं. पण शिट्टी तिकडे सिंगापूरला सायलीला ऐकू जाते. मग ती 'आई, ठेवते, ठेवते' करत घाईने ठेवून देते. लेकीशी मेलं धड बोलणं होत नाही."

रविराजने यूपीएस उघडला आणि आतली एक वायर सोडवली.

रविवारी पावणेदहाला सायलीचा कॉल आला. हवेचं झालं, जेवणाचं झालं, शेजारच्या गोजराबाईंनी कुरडया दिल्या तेही झालं. पंधरा मिनिटांत मावणारं सगळं वत्सलाबाईंनी भराभर संपवलं. मोतीबिंदूचं त्यांनी मागे ठेवलं होतं. पुढच्या महिन्यात ऑपरेशन. सायली आठ दिवस येऊ शकेल का, हे त्यांना निवांत विचारायचं होतं. दहानंतर.

दहाला डोक्यावरचा पंखा थांबला. कॅलेंडरची फडफडणारी पानं भिंतीला टेकली. सायली बोलतच होती. वत्सलाबाई खुर्चीत जरा मागे रेलल्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्या कॉलवर असताना मागे रेलल्या होत्या.

"आणि बोल," त्या म्हणाल्या.

"काही नाही गं. तू बोल."

सायलीच्या मागून जावई गेला. अंगात बाहेरचा शर्ट, हातात गाडीची किल्ली. त्याने दाराशी थांबून मनगटावर दोनदा बोट आपटलं. सायलीने त्याच्याकडे न बघता मान हलवली. तिनेही कानात डूल घातले होते. मागच्या रविवारीही घातले होते, वत्सलाबाईंना आठवलं. त्याच्या मागच्याही.

दहा वाजून चार मिनिटं झाली.

"आई, आज लाइट नाही गेली का तुमच्याकडे?"

"का गं?"

"नाही, दहाला जातेच ना. म्हणून मी कॉल पावणेदहालाच लावते. म्हणजे मग आम्ही..." सायली थांबली. "असू दे. तू सांग, काय म्हणत होतीस?"

वत्सलाबाईंनी वर पाहिलं. पंख्याची तिन्ही पाती स्वच्छ मोजता येत होती.

"जाईल आता," त्या म्हणाल्या. "आज जरा उशीर झालाय त्यांना."

"तब्येत ठीक ना?"

"छान आहे."

मग टेबलाखाली पाय नेऊन त्यांनी अंगठ्याने यूपीएसचं बटण दाबलं. सायलीचा चेहरा नाहीसा झाला. घरात काहीच वाजत नव्हतं.

जरा वेळाने त्यांनी रविराजला फोन लावला.

"बोला काकू! कसा चालला?"

"उत्तम. एकदाही अडकला नाही."

"मी म्हटलं नव्हतं? आता तासभर मनसोक्त बोला."

"हो. रविराज, येत्या रविवारच्या आत एकदा येऊन जा बाबा. ती शिट्टीची वायर परत जोडायचीय."

"शिट्टीची? अहो, आता कशाला लागते ती?"

"लागते," वत्सलाबाई म्हणाल्या. "आणि आवाज जरा मोठा करता आला तर बघ."